जमिनीजवळची थंडी

यंदाही माघात हवा कोरडी पडली. पहाटे ड्यूटीवर जाताना कुंपणाकडच्या हरळीतून मुद्दाम चालत गेलो. चपला कोरड्याच राहिल्या. माघातल्या पहाटे हरळीतून चालूनही पाय ओले झाले नाहीत, की मला येणाऱ्या रात्रीची भीती वाटू लागते. एरवी कुणाला यात भिण्यासारखं काय दिसणार? दुपारचं ऊन छान लागतं. वाळत घातलेलं धुणं तासाभरात करकरीत होतं. गाडीच्या दांडीला हात लावला की बारीक चटका बसतो आणि कंडक्टर हसतात. बायको म्हणते, ओठांना तूप लावा. आणि दिवस बुडाला, की कुणीतरी घरावरचं छप्पर उचलून न्यावं तशी सगळी ऊब निघून जाते. वारा पडलेला असतो. आभाळ इतकं स्वच्छ असतं, की ते पाहून बरं वाटत नाही.

असाच एक माघ चार वर्षांपूर्वी आला होता.

मी शिरूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. लोक कंट्रोलर म्हणतात. गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिता लिहिता मला हवेच्याही नोंदी करायची सवय लागली, ती कधी लागली ते आता आठवत नाही. घरामागच्या अंगणात चार फूट उंचीवर एक लाकडी पेटी आहे. पांढरा रंग दिलेली, चारी बाजूंनी झडपा असलेली. जुन्या खिडक्यांच्या झडपा काढून मीच ती ठोकली. आत तापमापक. पुस्तकात जसं सांगितलंय तसं सगळं: उन्हाचा स्पर्श नाही, जमिनीपासून चार फूट, दार उत्तरेला. त्या पेटीचा मला केवढा अभिमान होता! पाहुण्यांना चहाच्या आधी मी ती पेटी दाखवायचो.

माझ्यासारखे आणखी काही वेडे शिरूर-दौंड भागात सापडले आणि आमचा एक ग्रुप झाला. कुणी पाऊस मोजायचं, कुणी वाऱ्याची दिशा लिहायचं. त्यात दौंडचे आप्पा होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, रेल्वे कॉलनीजवळच लहानसं घर बांधून राहिलेले. बोलणं मोजकं, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्याकडे नोकरीतल्या सगळ्या हिवाळ्यांच्या डायऱ्या होत्या. आणि वडगाव रासाईच्या सुनंदाबाई होत्या. भीमेच्या काठाला त्यांचं शेत. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. झेंडू, शेवंती, उन्हाळ्याला कलिंगड, असं सगळं त्या एकट्या बघायच्या. नवऱ्यानं कधीकाळी कोंबड्यांची शेड केली होती, त्यातला एक काचेचा तापमापक त्यांच्याकडे उरला होता. तो त्यांनी वावरात काठीला बांधला होता, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

मी ग्रुपचा ॲडमिन. रोज सकाळी सगळ्यांचे आकडे गोळा करून एक यादी टाकायचो. यादी नीटनेटकी असायची. ती पुढे शेतकऱ्यांच्या ग्रुपवर जाऊ लागली, तिथून आणखी कुठं कुठं. स्टँडवर अनोळखी माणसं खिडकीशी येऊन विचारू लागली, “साहेब, आज रात्री किती जाईल?” प्रश्न विचारणारा माणूस उत्तराकडे ज्या नजरेनं बघतो, तिची चटक लागते. मला ती लागली होती.

त्या माघात आकडे झपाझप खाली आले. आमचा ग्रुप खूश होता, हे लिहिताना आज लाज वाटते, पण होता. पेटीत आठ, मग सात, मग सहा. “होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात, ही काही एवढ्यात पळत नाही,” असं कुणीतरी लिहायचं आणि खाली अंगठ्यांची रांग लागायची. सकाळी दातांवर दात आपटत पेटीचं दार उघडायचं आणि आकडा कालच्यापेक्षा कमी दिसला की मनात एक उकळी फुटायची. थंडी ही आमच्यासाठी बातमी होती.

सुनंदाबाईंचे आकडे मात्र भलतेच असायचे. माझे सात, तर त्यांचे दोन. माझे सहा, तर त्यांचा एक. यादी विचित्र दिसायची. मी त्यांना फोन केला.

“ताई, तापमापक चार फुटांवर लावा. जमिनीजवळचा आकडा धरत नाहीत.”

“कोण धरत न्हाई?”

“नियम आहे तसा. सगळ्या जगात.”

त्या म्हणाल्या, “आवं पण भाऊ, रोप कुठं चार फुटावर असतंय? ते भुईलाच असतंय की.”

मी हसलो. चांगला मोकळेपणानं हसलो, एखादं लहान मूल काही बोललं की हसतो तसं. वर म्हणालो, “तुमचं यंत्रच बिघडलं नसेल कशावरून?”

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो आला. स्टीलच्या पेल्यात कुटलेला बर्फ, त्यात बुडवलेला तापमापक. लाल रेघ बरोबर शून्यावर. बर्फ त्यांनी रसवंतीवाल्याकडून मागून आणला होता. खाली लिहिलं होतं: यंत्र चांगलं हाय. त्या बाईनं स्वतःच्या डोक्यानं ती परीक्षा घेतली होती. आमच्यातल्या एकानंही आपलं यंत्र असं तपासलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी उत्तर दिलं, “यंत्र बरोबर, जागा चूक.” आणि त्या दिवसापासून यादीत त्यांच्या नावापुढे मी कंसात ‘अमान्य’ लिहू लागलो.

त्या तरीही आकडा पाठवत राहिल्या. रोज, तांबडं फुटायच्या आत. कोरड्या हवेविषयीही त्यांनी एकदा लिहिलं होतं: दव पडत न्हाई, आभाळ उघडं पडलंय, भुईची ऊब वर निघून जातीया. ते वाक्य मला तेव्हा शेतकऱ्याचं भाबडं बोलणं वाटलं. आज ते मला माझ्या सगळ्या वह्यांपेक्षा नेमकं वाटतं. हवेत ओल असली की ती रात्री गोधडीसारखी जमिनीवर असते. ती नसली की जमीन उघडी पडते, आणि सगळ्यात आधी गारठते ती तीच. तिच्यावर चार फुटांवर टांगलेल्या पेटीला हे कळायला वेळ लागतो. शिवाय शिरूरची माझी पेटी उंचवट्यावरच्या वस्तीत, आजूबाजूला भिंती. भीमाकाठचं शेत खोलगटात. जड, गार हवा पाण्यासारखी उतारानं तिथंच जाऊन साचते. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, एवढंच.

त्या संध्याकाळी वारा साफ पडला होता. दुपारभर आभाळात एक ढग नव्हता. ड्यूटी संपवून घरी आलो, जेवलो आणि ग्रुपवर लिहिलं: “आज रात्री पारा पाचच्या खाली जाणार नाही. दव गोठण्याची भीती नाही. निश्चिंत झोपा.”

सुनंदाबाईंनी लगेच लिहिलं: आमच्याकडं काल भुईला एक हुता. आज शून्याखाली जाईल. ज्यांचं कोवळं पीक हाय त्यांनी पाणी सोडा, धूर करा.

मी उत्तर दिलं, “ताई, लोकांना उगाच घाबरवू नका.” त्याला बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. माझा निरोप पुढे गेला. त्यांचा गेला नाही.

सुनंदाबाईंच्या बांधाला लागून त्यांच्या दिराचं, दत्तूचं वावर. दत्तू तिशीतला. भाऊ गेल्यावर शेत वाटून घेतलं, विहीर सामाईक राहिली. त्या साली त्यानं पहिल्यांदाच कुणाला न विचारता दीड एकर कलिंगड लावलं होतं. वेल नुकते हातभर पसरलेले. मी त्याला तोवर पाहिलंही नव्हतं. पण तो मला ओळखत होता, माझ्या निरोपांवरून.

सकाळी मी पेटी उघडली. पाच पूर्णांक चार. मी आनंदानं लिहिलं, “५.४! सांगितलं होतं.” ते पाठवून मी दाढी करायला बसलो, तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी वडगावहून फोटो टाकला होता. वाफ्यांवरच्या प्लॅस्टिकच्या कागदावर पांढरे कण, मिठासारखे. आणि वेलांची पानं उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यागत खाली लोंबलेली. माझ्या ‘सांगितलं होतं’च्या बरोबर खाली तो फोटो होता. मी माझं वाक्य पुसलं. तोवर ते सगळ्यांनी वाचलेलं होतं.

रजा टाकून मी वडगावला गेलो. पोचेपर्यंत दहा वाजले, बर्फ विरघळून गेला होता. उन्हात कागद चमकत होता. हिरवी पानं काळी पडायला लागली होती, काही आधीच तंबाखूसारखी झालेली. एक वास येत होता, कच्चा, आंबूस, शिजलेल्या पाल्याचा. तो वास मला अजून कधी कधी भाजीबाजारात, फेकलेल्या पाल्याच्या ढिगाशी येतो आणि मी रस्ता बदलतो.

बांधाच्या अलीकडे सुनंदाबाईंचं वावर. त्यांनी रात्रभर पाणी सोडलं होतं, ओलं पाचट पेटवून धूर केला होता. त्यांची नदीकडची बाजू गेली होती, निम्म्याहून जास्त राहिलं होतं. बांधाच्या पलीकडे काही राहिलं नव्हतं. एका विहिरीच्या पाण्यावरची दोन वावरं, मध्ये पायरुंद बांध.

दत्तू वाफ्यात उकिडवा बसला होता. मी नाव सांगितलं. तो उठला, हात झटकले, टोपी नीट केली.

“या साहेब. कशाला तरास घेतला एवढा?”

मग त्यानंच विचारलं, “तुमच्याकडं किती आला?”

“पाच पूर्णांक चार.”

त्यानं वेलांकडे पाहिलं. “म्हंजी तुमचं बरुबर आलं की.”

तो टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो टोमणा नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं, की आकडा बरोबर आल्यावर पीक कसं काय जळालं. मी त्याला पेटी, चार फूट, जमीन, खोलगट हे सगळं समजावून सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. मी पुस्तकातलं सांगत होतो, आणि तो मान हलवत होता.

सुनंदाबाई बांधावर आल्या. डोळे धुरानं लाल झालेले, हातांना काजळी. माझ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. गोळा झालेल्या माणसांपैकी एकानं विचारलं, “वैनी, तुमी पाणी सोडलं आन् दिराला न्हाई का उठीवलं?”

“गेले हुते,” त्या म्हणाल्या. “हाका मारल्या. दिवसभर राबून झोप लागलेली, त्याला कुठली ऐकू येतीया!”

दत्तू पुन्हा खाली बसला आणि मेलेला एक वेल मुळापासून उपटू लागला. सावकाश, मुळं तुटू नयेत अशा काळजीनं.

पुढच्या आठवड्यात मी दौंडला आप्पांकडे गेलो. का गेलो, ते तेव्हा सांगता आलं नसतं. कुणीतरी मला तुमची चूक नाही म्हणावं, असं वाटत असणार. आप्पा ओट्यावर उन्हात बसले होते, गुडघ्यांवर शाल. लांबून शंटिंगचे धक्के ऐकू येत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाईंचं बरोबर होतं,” ते म्हणाले. “मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून मी हिवाळे काढलेत. भीमेच्या पुलाच्या अलीकडे गाडी खोलगटात उतरली की थंडी आधी पायांना लागायची. मग गुडघ्यांना. तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा. डायरीत लिहिलंय मी ते.”

“मग आप्पा, ग्रुपवर का नाही बोललात?”

आप्पांनी शाल सारखी केली. “तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलं होतं. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस सांगतोय.” मग म्हणाले, “चूक माझीही आहे. मी तुमच्याहून आधीपासून जाणत होतो, म्हणजे जरा जास्तच आहे.”

पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेले. डायऱ्यांचं काय झालं ते विचारायला मी अजून त्यांच्या घरी गेलेलो नाही.

आणि सुनंदाबाई. त्यांच्या नावापुढचं ‘अमान्य’ मी काढून टाकलं, माफीचा लांबलचक निरोप लिहिला. त्यांनी तो वाचला, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आकडा यायचा बंद झाला. ग्रुप त्यांनी सोडला नाही. त्या नुसत्या गप्प झाल्या. वर्षभरानं धीर करून मी फोन केला. म्हटलं, आता यादीत दोन रकाने केलेत, पेटीतला आणि जमिनीजवळचा. जमिनीजवळचा तुम्ही द्या.

“आता कुठं भाऊ,” त्या म्हणाल्या. “ते यंत्र खुराड्यात टांगलंय. पिल्लांना ऊब किती लागती ते बघाया.”

“पण तुमचं बरोबर होतं, ताई.”

“व्हय. हुतं की.” त्यांचा आवाज सपाट होता. “बरुबर असून काय झालं? सांगितलं, तवा कुणी ऐकलं न्हाई. घरात न्हाई आन् तुमच्या त्या ग्रुपातबी न्हाई.”

दत्तूचं वावर आता दुसऱ्याच कुणाकडे वाट्यानं आहे. मोसमातलं उरलेलं काम त्यानं केलं, मग तो वावराकडे फिरकेनासाच झाला, असं वडगावचे लोक सांगतात. सुनंदाबाई त्याचं रान करायला तयार होत्या. त्यानं त्यांना दिलं नाही. परगावच्या माणसाला दिलं. दोन घरांत भांडण झालं असंही नाही. सणाला ताट इकडून तिकडे जातं, पोरं ये-जा करतात. पण दत्तू आणि त्या समोरासमोर येत नाहीत. एक आला की दुसरा गोठ्यामागून निघून जातो. शिवारात सगळ्यांना वाटतं, दिराचं गेलं आणि भावजयीचं राहिलं, म्हणून हे असं. मलाही तेच वाटत होतं.

माझ्या यादीत दुसरा रकाना अजून रिकामा असतो. मी त्यात रोज एक आडवी रेघ मारतो. अंदाज देणं मी सोडलं. लोक अजून विचारतात, “साहेब, आज किती जाईल?” मी म्हणतो, तुमच्या वावरात भुईला हात लावून बघा. त्यांना तो विनोद वाटतो.

गेल्या आठवड्यात, या माघातल्या अशाच एका कोरड्या संध्याकाळी, दत्तू स्टँडवर दिसला. तो आता एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. अंगात गणवेश, वर स्वेटर. नेहमीची गाडी चुकली म्हणून पुढच्या गाडीची चौकशी करायला तो माझ्या खिडकीशी आला आणि मला बघून थबकला. मी बाहेर गेलो. चहा सांगितला. आम्ही दोघं खांबाला टेकून उभे राहिलो. चहाची वाफ लगेच विरून जात होती.

चार वर्षांत मी त्याला जे बोललो नव्हतो, ते बोललो. “दत्तू, त्या रात्री माझ्यामुळं तुझं नुकसान झालं. मी माफी मागायला हवी होती. वावरात आलो होतो, तेव्हाच.”

तो कागदी कप फिरवत राहिला. “तुमचं काय त्यात साहेब. तुमी लांब हुता.”

“वहिनींचं तू ऐकायला हवं होतंस असं मी म्हणणार नाही. तू झोपला होतास. त्यांनीच सांगितलं सगळ्यांना.”

“वैनी सांगती तसं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत म्हणाला, “मी झोपलो नव्हतो. जागा हुतो. तुमचा मेसेज वाचत पडलो हुतो. तिनं तीनदा हाक मारली. बायकू म्हणाली, उठा की. मी म्हणलं, गप पड, बाईमाणसाला काय कळतंय, कंट्रोलर साहेबानं लिहिलंय. दार उघडलं न्हाई.”

मी कप खांबाशी खाली ठेवला.

“मग तू हे वहिनींना सांगितलंस का कधी? एकदा सांग. त्या बिचाऱ्या समजतात की तू—”

“तिला ठावं हाय,” दत्तू म्हणाला. “खिडकी काचेची हुती साहेब. मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर हुता. ती भाईर उभी राहून बघत हुती. तिसरी हाक मारली, ती माझ्याकडं बघून मारली.”

त्याची गाडी आली. त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला, कप चुरगळून टोपलीत टाकला आणि गर्दीत शिरून वर चढला. मागच्या बाजूला खिडकीशी जागा मिळाली त्याला. मी खालीच उभा राहिलो. गाडी हलेपर्यंत आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.